अण्णा, बाजेसकट

घरात चोरी झाली की माणसाला वाईट वाटतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण अख्ख्या आळीत चोरी होते आणि आपलंच घर तेवढं वगळलं जातं, तेव्हा माणसाला काय वाटतं, यावर कुणी फारसं बोलत नाही. मी बोलणार आहे. मला अनुभव आहे.

आम्ही चिंचणीत राहतो, समुद्राकडच्या आळीला लागून. आम्ही म्हणजे मी (माझं नाव ज्ञानेश) आणि माझी बायको अर्चना. मूळचे बार्शीकडचे. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढण्याचा पगार घेतो. आळीतली बहुतेक घरं मच्छीमारांची. इथं होळीच्या आदल्या रात्री आळीतली पोरं अंगणाअंगणातून लाकडी वस्तू उचलून नेतात. फाटक, बाकडं, शिडी, हातगाडी, हाताला लागेल ते. पूर्वी म्हणे हे सगळं खरोखर होळीत जायचं. आता जाळत नाहीत, किनाऱ्यावर होळीभोवती मांडून ठेवतात. सकाळी मालकानं तिथं जायचं, आपली वस्तू ओळखायची, पोरांचा मनसोक्त उद्धार करायचा आणि वस्तू घरी आणायची. यातला उद्धाराचा भाग महत्त्वाचा. आमचे शेजारी पुंडलिक तामोरे, स्वतःची बोट असलेला भारदस्त माणूस, त्यांची हातगाडी दर वर्षी जाते आणि ते दर वर्षी इतक्या मनापासून शिव्या देतात की लोक ऐकायला थांबतात. होळी जवळ आली की ते घसा जपतात, थंड पाणी पीत नाहीत.

आम्ही इथं राहायला आलो त्या वर्षी मी घाबरून सगळं आत घेतलं आणि फाटकाला सायकलची साखळी लावली. काही गेलं नाही. श्रेय मी साखळीला दिलं. पुढच्या वर्षी साखळी लावायची राहिली, तरी काही गेलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मी मुद्दाम फाटक सताड उघडं ठेवलं आणि अंगणात एक लाकडी स्टूल ठेवलं. सकाळी स्टूल जागच्या जागी होतं. आणि पुंडलिकभाऊंची हातगाडी पोरांनी आमच्याच अंगणातून काढली होती! म्हणजे वाटेत आलेलं माझं स्टूल त्यांनी उचललं, बाजूला ठेवलं, गाडी काढली आणि स्टूल परत जागेवर आणून ठेवलं. एवढा अपमान माझा कारखान्याच्या वार्षिक मूल्यमापनातही झाला नव्हता.

शेवटी मी पुंडलिकभाऊंना विचारलंच.

"अवो, तुमी सायेब लोक," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "घाटावरचे. पोरांना वाटतं, तुमाला राग येल."

"मला अजिबात राग येत नाही!" मी ओरडलो.

"आनि खरं सांगू? तुमच्याकं उचलन्यासारका हाय तरी काय?"

हे मात्र खरं होतं. आमच्या घरात खुर्च्या प्लास्टिकच्या, कपाट लोखंडाचं आणि पलंग म्हणजे भुश्शाच्या फळीचा, आत गाद्या-गोधड्या भरलेला तो राक्षस. तो उचलायचा तर भिंत पाडावी लागेल. शिसम, साग, बाभूळ यांपैकी कशाचंच आमच्याशी नातं नाही.

याच सुमारास भाग्येशनं मला सल्ला दिला. भाग्येश हा माझ्याच कारखान्यातला, जळगावकडचा, पलीकडच्या घरात राहतो. जगातल्या कुठल्याही विषयावर त्याच्याकडे सल्ला तयार असतो. पण या विषयावर त्याचा अधिकार मला मान्यच करावा लागला, कारण गेल्या वर्षी त्याचं दार गेलं होतं. बाथरूमचं. पाण्यानं फुगलेलं, काढून अंगणात टाकलेलं. पण गेलं होतं! कॅन्टीनमध्ये ते दार त्यानं वर्षभर पुरवलं.

"तू उचलणाऱ्याच्या बाजूनं विचार कर," भाग्येश म्हणाला. "त्याला हलकं हवं, धरायला सोयीचं हवं. तू बाज घे. काथ्यानं विणलेली, जुन्या पद्धतीची. चार कोपरे, चार पोरं. बाज दिसली आणि उचलली नाही, असं होणारच नाही."

जवळच्या पाम गावात एक सुतार अशा बाजा करून देतो असं कळलं. तिथं गेलो. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "झोपणार कोण?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पेन्सिल कानावर ठेवली. माणूस सभ्य होता, त्यानं सरळ किंमत सांगितली.

होळी तोंडावर आली तेव्हा टेम्पोतून बाज घरी आली. दारातून ती आत जाईना, आणि मला तेच हवं होतं. मी ती ओट्यावर ठेवली. अर्चना हात पुसत बाहेर आली. "हे काय?"

आता खरं सांगायचं तर, "पोरांनी चोरावी म्हणून आणली," असं म्हणावं लागलं असतं. संसारी माणसाला अशा वेळी जे सुचतं तेच मला सुचलं. मी म्हणालो, "अण्णांसाठी."

अण्णा म्हणजे माझे सासरे, शिवाजीराव. बार्शीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. दिवाळीच्या सुमारास सासूबाई गेल्या आणि संक्रांत झाल्यावर अर्चना त्यांना इथं घेऊन आली. आल्यापासून ते खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायचे. माळकरी माणूस, त्यात आळीत जिकडेतिकडे बोंबील वाळत घातलेले. त्यामुळे नाकाला सतत रुमाल. आम्ही विचारायचो, "जेवलात का? गोळी घेतली का? पाठ दुखतेय का?" ते मान हलवायचे. आपणहून एकच वाक्य बोलायचे, "माझी परतीची गाडी कधी आहे?" ऐकलं की अर्चना स्वयंपाकघरात जायची आणि भांडी जोरात घासायची.

तर मी "अण्णांसाठी" म्हणालो आणि नेमके अण्णा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी बाजेकडे बघितलं. काथ्यावर हात दाबून पाहिला. मग बसले. मग आडवे झाले. आणि म्हणाले, "बरी विणलीय."

अर्चनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की लग्नानंतर तसं तिनं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. आणि मी, लबाड माणूस, ती नजर बिनदिक्कत खिशात घातली.

अडचण अशी झाली की अण्णा बाजेवरून उठेचनात. दुपार गेली, संध्याकाळ गेली. होळीची आदली रात्र आली तरी अण्णा आपले ओट्यावर, चादर डोक्यापर्यंत ओढून.

"अण्णा, आत चला. बाहेर डास आहेत," मी म्हणालो.

"आत नाहीत का?" चादरीतून आवाज आला.

"आत... आतही आहेत."

"मग?"

"दव पडतं. समुद्राचा वारा वाईट. शिवाय कुत्री."

आतून अर्चना आली. "अहो, झोपू द्या की त्यांना. तुम्हीच एवढ्या हौसेनं आणलीत ना त्यांच्यासाठी!"

मी आत जाऊन पडलो. वर्ष वाया गेलं, एवढंच मनात होतं. पोरं येतील, म्हातारा झोपलेला बघतील आणि पुढं जातील.

सकाळी दार उघडलं तर ओटा रिकामा.

मी इथं प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो, "उचलली! आपली उचलली!" मी मूठसुद्धा आवळली होती, हवेत. दुसरा विचार यायला मात्र वेळ लागला नाही. अण्णांच्या चपला ओट्याखाली होत्या. चष्मा खिडकीत होता. मोबाईल आत टेबलावर होता. फक्त अण्णा नव्हते.

"अण्णा फिरायला गेले का?" अर्चना मागून म्हणाली. मग तिला चपला दिसल्या. "आणि बाज कुठाय?"

आम्ही धावत किनाऱ्यावर गेलो. होळीभोवती सगळी चोरी व्यवस्थित मांडलेली होती. बाकडी, शिड्या, कुणाचं तरी फाटक, पुंडलिकभाऊंची हातगाडी. भाग्येशचं बाथरूमचं दार यंदाही गेलं होतं. त्याच्याशेजारी उभा राहून तो वाळूवर झोपलेल्या कुत्र्यांना उद्देशून शिव्या देत होता, कारण पोरं केव्हाच घरी गेली होती. आम्हाला बघून तो थांबला. बाज कुठंच नव्हती.

पुंडलिकभाऊ गाडी न्यायला आले होते. त्यांना सांगितलं तसा त्यांचा चेहराच उतरला. "दर्पणला इचारतो," ते म्हणाले. दर्पण त्यांचा मुलगा, या उद्योगातला म्होरक्या. पण दर्पण रात्रभर जागून तसाच पहिल्या पाळीला कंपनीत गेला होता. त्याच्या कंपनीत मोबाईल गेटवर जमा करतात. बाकीची पोरं एकतर झोपली होती, नाहीतर बापाचा आवाज ऐकून मागच्या दारानं पसार झाली होती. पुंडलिकभाऊ कंपनीच्या गेटवर फोन लावत बसले.

"तू पोलिसात जा," भाग्येश म्हणाला. "सत्तरीचा माणूस, अनवाणी, बिनचष्म्याचा. समोर समुद्र. उगाच वेळ घालवू नकोस."

समोर समुद्र, हे त्यानं म्हणायला नको होतं. अर्चना खालीच बसली. मी तिला उठवलं तेव्हा तिचा हात गार पडला होता. त्या क्षणी बाज, पोरं, मानपान, सगळ्याची मला शिसारी आली.

पोलीस ठाण्यात सगळे होळीच्या बंदोबस्ताच्या गडबडीत. एका हवालदारांनी मला, अर्चनाला आणि बरोबर आलेल्या भाग्येशला समोर बसवलं आणि कागद ओढला.

"काय हरवलंय?"

"सासरे," मी म्हणालो.

"केव्हापासून?"

"रात्री ओट्यावर बाजेवर झोपले होते. सकाळी नव्हते."

"बाज आहे?"

"बाजही नाही."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "मग हे ठरवायला पाहिजे. माणूस हरवला तर बेपत्ता. बाज गेली तर चोरी. बाजेबरोबर माणूस गेला, की माणसाबरोबर बाज गेली?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"कागद बदलतो ना! तुमचे सासरे बाज घेऊन निघून गेले असतील तर चोरी त्यांच्यावर लागेल. बाज कुणाच्या नावावर?"

"अहो, काल-परवा पामहून करून आणलीय."

"कशासाठी?"

अर्चनाच म्हणाली, "माझ्या वडिलांसाठी."

हवालदार अनुभवी होते. ते माझ्याकडेच बघत राहिले. "घरात झोपायची सोय नाही?"

"आहे."

"मग बाज ओट्यावर कशाला ठेवली? नेमकी कालच्या रात्री? आळीत चीजवस्तू उचलतात, माहीत नाही तुम्हाला?"

खोटं बोलायला एरवी मला फार त्रास होत नाही. पण अर्चनाचा गार हात माझ्या हातात होता. मी म्हणालो, "माहीत होतं. चोरीला जावी म्हणूनच ठेवली होती."

पलीकडच्या टेबलावरचे साहेबसुद्धा मान वर करून बघायला लागले.

"आमचं कधीच काही उचलत नाहीत हो," मी म्हणालो. आवाज मलाच केविलवाणा वाटला. "सगळ्यांचं उचलतात. याचं बाथरूमचं दारसुद्धा दोनदा नेलं."

अर्चनानं हात काढून घेतला. हवालदारांनी कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "म्हणजे फिर्यादीनं चोरी व्हावी म्हणून सोय केली आणि त्यात स्वतःचा सासरा ठेवला," ते हळू आवाजात वाचत होते, तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली आणि पुंडलिकभाऊ धापा टाकत आत आले.

"सायेब, सासरे गावले! दर्पणशी बोललू गेटवरून. काळजी नको. सुरूच्या बनाकडं हायेत, आमच्या नलूकं."

घडलं होतं ते असं. पोरांनी अंधारात बाज उचलली, ती वर गोधड्यांचा ढीग आहे असं समजून. किनाऱ्यावर टेकवली तेव्हा ढिगानं कूस बदलली. पोरांची पाचावर धारण बसली. परत न्यावं तर जावयाच्या हाती सापडायची भीती, आणि जावई म्हणजे घाटावरचा, साहेब, रागीट. होळीजवळ ठेवावं तर पोरांचा आरडाओरडा, शेकोटीचा धूर. शेवटी त्यांनी बाज अलगद उचलून पार सुरूच्या बनाच्या कडेला, पुंडलिकभाऊंच्या थोरल्या बहिणीच्या, नलूआतेच्या झोपडीपाशी आडोशाला ठेवली. अंगावर एक जादा चादर घातली. आणि दर्पणनं नलूआतेला उठवून सांगितलं, "आते, बाबाकं ध्यान दे."

आम्ही बनापाशी पोचलो. कागद अर्धा लिहिलेला असल्यामुळे हवालदारही बरोबर आले. समोर बोंबील वाळत घालायच्या दांड्यांच्या रांगा, त्यांवर बोंबील लटकलेले, आणि मधोमध आमची बाज. बाजेवर अण्णा. हातात लांब काठी. नाकावर रुमाल नाही. शेजारी जमिनीवर नलूआते बसून मासळी निवडत होती.

"त्या बाजूला बघा, बाबा! कावला बसला!" ती ओरडली.

अण्णा उठले, अनवाणीच वाळूतून धावले आणि काठी आपटून कावळा उडवून आले. तेव्हा त्यांना आम्ही दिसलो.

अर्चना त्यांच्या गळ्यात पडली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. रडता रडता त्यांनाच रागावू लागली, चपला नाहीत, चष्मा नाही, गोळी नाही. अण्णा काठी सांभाळत तिच्या पाठीवर थोपटत होते. मी बाजूला उभा. जवळ जायचा धीर होईना.

"बाय, रडू नको," नलूआते म्हणाली. "तुजा बाप बरा हाय. मी इचारला, मासली खाता का? बोलले, गल्यात माल हाय. मग मी चाय दिली, तांदलाची भाकर दिली, वर मिरचीचा ठेचा. आनि नुसते काय बसता बोलली, कावले हाकवा. माजा घोव व्हता तवा तोच हाकवायचा."

हवालदार पुढं झाले. "आजोबा, तुम्हाला इथं कुणी आणलं? नावं सांगा."

हवालदारांचं पेन कागदावर टेकलं होतं. दर्पणला कंपनीत कायम करायचं चाललं होतं, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं, आणि पोलिसांच्या कागदावर एकदा नाव चढलं की काय होतं हेही.

"कुणी नाही," अण्णा म्हणाले. "मी आपला फिरायला आलो."

"बाजेसकट?"

"बाजेसकट." अण्णांचा चेहरा स्टँडवर उशिरा आलेल्या गाडीचं कारण सांगताना असावा तसा निर्विकार होता. "वय झालंय. मधे मधे बसावं लागतं."

हवालदारांनी अण्णांकडे पाहिलं, बाजेकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "तुमच्या घरात सगळे असेच का हो?" एवढंच विचारून ते निघाले. जाताना नलूआतेकडून त्यांनी थोडे सुके बोंबील मात्र बांधून घेतले.

बाज घरी न्यायला मी, पुंडलिकभाऊ आणि भाग्येश तयार झालो, तर अण्णा म्हणाले, "राहू दे इथंच. मला बसायला लागेल." म्हणजे जी बाज उचलली जावी म्हणून मी एवढा खटाटोप केला ती उचलली गेली आणि परतसुद्धा आली नाही. आळीत एवढा मान आजवर कुणाला मिळाला नव्हता. पण मिरवायची सोय राहिली नव्हती, कारण अर्चना माझ्याशी बोलत नव्हती. पुरणाची डाळ तिनं अशी वाटली की त्यात मीच आहे असं मला वाटलं.

दुपारी दर्पण कंपनीतून सरळ आमच्या घरी आला. डोळे लाल, हातात नारळ. दारातच उभा राहिला. "काका, चुकी झाली. आमाला म्हाईतच नवता वर बाबा हाय ते. तुमी काय बोलायचं ते बोला."

वर्षानुवर्षं मी या क्षणासाठी शिव्या जमवून ठेवल्या होत्या. काही खास बार्शीकडच्या. तोंड उघडलं आणि एकही आठवेना. मी म्हणालो, "जेवलास का?"

आतून अर्चनानं ताट वाढलं. नवऱ्याशी बोलायचं नसलं तरी पाहुण्याला वाढायचं, हा तिचा नियम आहे. दर्पण आणि अण्णा शेजारी शेजारी जेवायला बसले. दर्पण मान वर करत नव्हता. शेवटी त्यानंच विचारलं, "बाबा, तुमाला जाग नाय आली? एवढा हलवला तुमाला."

"जागाच होतो की," अण्णा म्हणाले.

अर्चनाच्या हातातला तुपाचा चमचा तसाच राहिला. "जागे होतात? मग ओरडला का नाहीत?"

अण्णांनी पोळीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"तोंडावर चादर होती. एकदम चौघांनी उचललं. चौघंच होते ना रं?" दर्पणनं मान हलवली. "मला वाटलं, झालं. गेलो आपण. झोपेतच गेलो, बरं झालं. भ्यालो नाही मी. उलट हलकं वाटलं. तुझी आई गेल्यापासून मला सगळे नुसते विचारतात. कुणी उचलून घेतलं नव्हतं. फक्त एवढं मनात आलं, की तुझी आई आता भेटल्या भेटल्या म्हणणार, चष्मा न घेता निघून आलात?"

दर्पणनं हातातला घास खाली ठेवला.

"मग मला शंका यायला लागली," अण्णा पुढं म्हणाले. "कुणी रामाचं नाव घेईना. पोरं आपली खिदळतायत. एक जण गाणं म्हणतोय. म्हटलं, बार्शीची माणसं एवढी वाईट नाहीत. मग यानं," त्यांनी दर्पणकडे बोट केलं, "वाळूवर टेकवता टेकवता काय म्हणावं? 'आयला, केवढा जड हाय रे!' तेव्हा कळलं, आपण जिवंत आहोत. मेलेल्या माणसाला तोंडावर कुणी असं म्हणत नाही."

अर्चना हसायला लागली. आधी तिनं पदर तोंडाला लावला, मग तिला आवरेना. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले आणि ती तशीच भिंतीला टेकून खाली बसली. दर्पण घाबरून माझ्याकडे बघायला लागला. तिनं हात पुढं केला. कुणासाठी केला ते मला लगेच कळलं नाही. मग मी तिला उठवलं.

"तुमच्याशी मी अजून बोलत नाहीये," ती मला म्हणाली, पण हात सोडला नाही.

अण्णांनी पोळी संपवली, पाणी प्यायले आणि दर्पणकडे वळून म्हणाले, "कावळे किती वाजता येतात रं?"

"कवा बी येतात, बाबा. उजाडायच्या आधीच."

"मग मला लवकर निघावं लागेल," अण्णा म्हणाले, आणि चपला बघायला ओट्यावर गेले.